मागची सीट

"किल्ली दे," साव्हेरिओने हात पुढे केला. "बायकोच्या मागे बसून बंदरावरून जायचं म्हणजे नुसती शोभा झालीय माझी."

"शोभा कसली? ओझं म्हणतात त्याला," हेल्मेटचा पट्टा आवळत लिबेरा म्हणाली.

भांडण खरं तर स्कूटरचं नव्हतंच. साव्हेरिओने उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं आणि या वसंतात निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला. इटलीतल्या आमच्या प्रोचिदा बेटावर यात नवल काही नाही. इथले पुरुष दर्यावर जातात. घर, मुलं, म्हातारी माणसं, लिंबाच्या बागा, सगळं बायका ओढतात. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला पाहुण्यासारखं जेवू घालतात. पाहुण्याने मुक्काम ठोकला की पंचाईत होते. साव्हेरिओने आल्या आल्या स्वयंपाकघरातली भांडी आपल्या सोयीने लावली आणि लिबेराचं गुलाबी दार न विचारता जहाजासारखं करडं रंगवून टाकलं. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. आता स्कूटरही गेली, तर या घरात आपलं म्हणून काही उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घे किल्ली. आज तू चालव," ती म्हणाली. "मी तीन ठिकाणं सांगेन. वाट कुणाला विचारायची नाही. एक जरी बरोबर काढलंस तर स्कूटर तुझी. नाही तर जन्मभर मागे बसायचं, तोंड मिटून."

"अगं, सुएझमधून जहाजं काढलीत मी! हे बेट म्हणजे माझ्या मुठीएवढं."

"जहाजं कॅप्टनने काढली. तू दोर ओढलेस. चल, आधी रोझाल्बाच्या शाळेत ने."

साव्हेरिओने लेकीच्या शाळेसाठी चर्चमागच्या गल्लीत स्कूटर घातली आणि दाराशी रुबाबात थांबवली.

"या शाळेत तू शिकलास," लिबेरा म्हणाली. "पोरगी टेकडीवरच्या शाळेत जायची. आता जिथं ती जन्मली तिथं ने."

तो दवाखान्यापाशी थांबला. ती उतरलीसुद्धा नाही. "वारा सुटला होता, मुख्य किनाऱ्यावर जायला बोट नव्हती. सुईणीच्या घरी झाली ती, जाळी विणतात त्या खोलीत."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"मीच सांगितलं. दोनदा."

दुपारी दोघांनी समुद्राकडच्या भिंतीवर बसून पाव आणि मिरची-पुदिना घातलेली लिंबाची कोशिंबीर खाल्ली. मध्ये पाण्याची बाटली ठेवली होती. ती एकमेकांना द्यावी लागू नये म्हणून दोघंही तहानलेली राहिली.

"तिसरं सांग," तो गुरगुरला.

"तुझ्या आईकडे ने."

साव्हेरिओ मोठ्यांदा हसला. "हरलीस, लिबेरा! आईला माती दिली ती या हातांनी. सरूखाली, भिंतीलगत."

स्मशानात तो पुढे पुढे चालत गेला. वाटेत कुंपणावरची रानफुलं त्याने तोडून घेतली होती. सरू तिथंच होता. खालच्या क्रुसावर मात्र नाव होतं बियाजो मासेवाल्याचं, तरुणपणी मारामारीत साव्हेरिओचा दात पाडणाऱ्याचं. तो शेजारच्या क्रुसाकडे गेला, मग त्याच्या पलीकडच्या. लिबेरा फाटकाशी हाताची घडी घालून उभी होती. तिने आवाज दिला नाही. त्याची चांगली जिरू दे, असंच तिला वाटत होतं.

शेवटी तो परत आला. "आई कुठाय माझी?"

"इथं माती थोडी, जमीन कुणाला कायमची मिळत नाही. काही वर्षांनी हाडं काढतात. विसरलास? तू चिलीच्या वाटेवर होतास. फोन केला, तर म्हणालास, आवाज येत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आला, तेव्हा मला अत्तर कुठलं आणू ते विचारलंस."

ती त्याला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली. छातीच्या उंचीवर एक छोटा कोनाडा होता. त्यावर नाव होतं नुन्त्सियाता, आणि खाली ताजी फुलं.

"धुतली कुणी?" त्याने फार हळू विचारलं. हाडं धुवायचं काम घरच्यांचं, पोटच्या पोराचं. हे बेटावर शेंबडं पोरही जाणतं.

"मी. पाण्याने, मग वाइनने. म्हातारीची कवटी इवलीशी, माझ्या ओंजळीत बसली. गुंडाळायला माझ्या लग्नातली चादर घेतली. सासूशी माझं कधी पटलं नाही, तरी रडले. तुझ्या वाटचंही."

त्याने हातातली फुलं कोनाड्यात ठेवायला हात उचलला, आणि तिथल्या फुलांना बाजूला सारावं लागेल हे बघून तसाच खाली घेतला.

बाहेर येऊन त्याने किल्ली स्कूटरला लावली आणि बाजूला उभा राहिला. ती पुढे बसली. न सांगता तो मागे चढला.

बंदरावर कॅफेबाहेर निवृत्त खलाशी बसले होते. एकजण ओरडला, "लिबेरा, काय माल आणलास गं?"

"परत आलेला!" ती ओरडली. सगळे खो खो हसले.

साव्हेरिओ हसला नाही, चिडलाही नाही. चढाला लागताना त्याने रोजच्यासारखी मागची दांडी धरली. मग ती सोडून, हँडलवरच्या तिच्या हातांकडे बघत, कोमेजलेली फुलं दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला. लिबेराने वळणावर वेग कमी केला.