इंग्लंडात खप वाढला

"इंग्लंडात खप वाढला म्हन्ता, मग आमची वडी कावून थांबली?" मंगलने विचारले.

आमच्या वड्या बाहेर विकणाऱ्या संस्थेच्या शिवांजलीताईंना मान वर करवेना. केजजवळच्या आमच्या गावात आम्ही बायका तिळगुळाच्या वड्या करायचो. राबणाऱ्याला रास्त दाम देणारी काही दुकानं परदेशात असतात. तिथं आमचा माल जायचा, जास्त करून जर्मनीत. त्याआधी मंगल आणि तिचा नवरा परमेश्वर दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, आणि लेक स्वप्नाली धाकट्याला काखेत मारून त्यांच्यामागं. वडी सुरू झाली तशी पोरगी शाळेत टिकली. यंदा, दोन हजार साली, ती सातवीत होती.

"जर्मनीत ती दुकानं ओस पडलीत," ताई म्हणाल्या. "हॉलंडातही तेच. इंग्लंडात मोठ्या दुकानांत असा माल खूप खपतोय, पण कॉफी, केळी, चॉकलेट. वडी नाही."

"आन् आमी पेढे वाटले," मी म्हणाले.

वाटलेच होते. पोळ्याला ताई खप वाढल्याचं बोलल्या आणि आम्ही येड्यांनी तो आपलाच धरला. मंगल तर त्याच भरात मुकादमाला सांगून आली, यंदा आमचा कोयता धरू नका म्हणून. तोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला कुणी हिंग लावून विचारत नाही.

संध्याकाळी ती मला घेऊन मुकादमाकडं, बिभीषणकडं गेली.

"टोळी भरली," तो म्हणाला. "यायचंच आसल तर तिघं चला. पोरगी मोळ्या बांधल, ऊस तोडल. दीड कोयता धरतो."

"ती साळंत हाय, मुकादम."

"मग ऱ्हावा घरी. खाताल काय?"

मंगल उठली. वाटेत मात्र तिला रडू आवरेना. "छबुबाई, तिथल्या बायांना आपली येक वडी जड झाली का गं?"

दसरा झाला, ट्रॅक्टर आला. परमेश्वरने पीठ, भांडी, धाकटं पोर ट्रॉलीत चढवलं. मंगलने स्वप्नालीच्या हातात कोयता दिला आणि तिच्या वेणीतली शाळेची लाल रिबीन सोडली. हाताला फोड येऊ नयेत म्हणून ती कोयत्याच्या मुठीला गुंडाळून दिली.