बुडबुडे

तिचे वडील कवळ्या बनवायचे. साच्यात प्लास्टर ओतलं की बुडबुडे निघून जावेत म्हणून ते साचा टेबलावर ठकाठक आपटत. बायको गेल्यावर ते लेकीसाठी दर रविवारी कस्टर्ड करू लागले, तेव्हा त्या बिचाऱ्या कस्टर्डलाही त्यांनी तीच शिस्त लावली.

"बाबा, हे खायचंय, तोंडात बसवायचं नाहीये!"

"बुडबुडा तो बुडबुडाच," म्हणत बाबा मोठी वाटी तिच्यापुढे सरकवायचे.

आता बाबा नाहीत, ती पन्नाशीची, आणि घरात बोलणारा फक्त रेडिओ. एका रविवारी तिने कस्टर्ड केलं आणि सवयीने भांडं आपटलं. लगेच बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका.

"अहो ताई, माझ्या डोक्यावर सुतारकाम काढलंय का?"

तिने कारण सांगितलं. काका हसत हसत आत येऊन बसले, दोन वाट्या खाल्ल्या आणि बाबांबद्दल विचारत राहिले. बाबांबद्दल कुणी विचारून वर्षं झाली होती.

पुढच्या रविवारी तिने आधी दोन वाट्या मांडल्या आणि मग भांडं जरा जोरातच आपटलं. बेल वाजली. काका घाईत होते. हातात जाड रबरी चटई.

"ही घ्या भांड्याखाली. आता खुशाल आपटा, मला ऐकूसुद्धा येणार नाही!"

"कशाला एवढा त्रास घेतलात," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

त्या दिवशी कस्टर्डात एकही बुडबुडा नव्हता. बाबांनी पाठ थोपटली असती. तिने दोन्ही वाट्या भरल्या, एक खाल्ली, आणि थोडा वेळ दाराकडे बघून दुसरीही खाल्ली.