मस्कतमधला पहिला रविवार

वैष्णवीला मस्कतच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा नांदूरघाटात सगळ्यात जास्त घाबरला तो रामहरी. शेजारच्या बंकटचा हा थोरला मुलगा. मागं त्यालाही एका एजंटानं 'ऑफिसचं काम' म्हणून आखातात नेलं होतं. विमानातून उतरताच त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि गोदामात पोती उचलायला लावली. घरी फोन करायचा तर मुकादम शेजारी उभा. "लई मजेत हाय," असं घरच्यांना सांगत त्यानं वर्ष काढलं होतं.

म्हणून वैष्णवी निघायच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम आला.

"तिथं फोनवर खरं बोलता येत न्हाई, बाई. आपण एक खूण ठरवू. फसलीस तर नुस्तं विचार, बांडी व्याली का? आमी समजून घेऊ."

गाभण बांडी शेळी समोरच पाला ओरबाडत होती, म्हणून त्याला तेवढंच सुचलं. वैष्णवी हसली. ती बी.कॉम. झालेली, केजच्या कापड दुकानाचे हिशोब सांभाळलेली. कंपनीतल्या बाईंशी ती मोबाईलवर बोललीही होती. तिचे वडील आश्रुबा मात्र हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य मनात पक्कं धरून ठेवलं.

वैष्णवीचा कामाचा पहिला दिवस रविवारी आला.

"आयतवारी कोणतं हापीस उघडं असतंय?" आश्रुबा सकाळपासून कुरकुरत होते.

"तिकडं शुक्रवारी सुट्टी असती म्हणली ना ती," रतनबाईनं नवऱ्याला समजावलं. पण त्यांना पटेना. त्या दिवशी त्यांनी शेळ्या लवकरच माघारी वळवल्या.

दिवस कलताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आबा, मी बोलतीय. कामाला लागले. सगळं चांगलं हाय, काळजी करू नका." मागं कुणी पुरुष काहीतरी बोलला. वैष्णवी घाईनं म्हणाली, "आबा, बांडी व्याली का?"

आणि फोन तुटला.

आश्रुबा अंगणात येऊन ओरडले. "रामहरी! आरं पळत ये! पोरगी फसली!"

रामहरी अनवाणीच धावत आला. त्यानं तो नंबर लावून पाहिला, लागेना. वैष्णवीचा मोबाईलही लागेना. रतनबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"आश्रुबा तात्या, धीर धरा. तिथं आपल्या देशाची वकिलात असती. मी गेलतो तवा त्यांनीच सोडवलं मला." असं म्हणत तो वकिलातीचा नंबर शोधू लागला.

इतक्यात आश्रुबांचा मोबाईल वाजला. पडद्यावर वैष्णवीचा चेहरा.

"वैष्णवे, पासपोर्ट कुठाय तुझा?" आश्रुबा ओरडलेच.

"पर्समधी हाय की. हे बघा. कावून?"

"मग शेळीचं कावून विचारलंस?"

 वैष्णवीनं कपाळाला हात लावला. "अय्यो! ती खूण! आबा, मी ध्यानातच ठेवली न्हाई. तिचे दिवस भरले होते, म्हणून खरंच विचारलं मी! माझं इथलं सिम अजून आलं न्हाई, म्हणून जोसेफ सरांचा फोन मागून घेतलता, त्यातलं बॅलन्स संपलं. आता हापिसाच्या वायफायवरून बोलतीय."

तिच्यामागून चष्मा घातलेल्या एका केरळी गृहस्थांनी हसून हात जोडले. "नमस्ते, अंकल."

रतनबाई रडत रडतच हसायला लागली. "व्याली गं माय, कालच व्याली. दोन करडं झाली."

आश्रुबा ओट्यावर बसले. उपरण्यानं तोंड पुसलं, मोठा श्वास सोडला. "ही कसली खूण काढली रं, रामहरी? जीव गेलता माझा."

रामहरीनं हसत फोन हातात घेतला. पडद्यावर टेबल दिसत होतं, कॉम्प्युटर दिसत होता, कुणाचा तरी चहाचा कप दिसत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वैष्णवी, तुला बसायला खुर्ची हाय?"

"हाय की, दादा. फिरती हाय."

"दाखव."

तिनं खुर्चीत बसून गर्रकन एक फेरा घेतला. खिडकी, भिंत, जोसेफ सर, सगळं पडद्यावरून सरकून गेलं.

"अजून एकदा फिरव," रामहरी म्हणाला.