साहेबाने धरले

आबासाहेबांनी केशराच्या दोन काड्या वाटीतल्या पाण्यात टाकल्या आणि वाटी सुहासिनीच्या नाकासमोर धरली.

"बघ."

"आबा, मला लायब्ररीत जायचंय. परवा कोर्टाची तारीख आहे."

"तारीख परवा आहे ना? मग आत्ता बघ. दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय केशर खलात टाकायचं नाही."

सुहासिनीने पाहिले. लहानपणापासून ती हेच पाहत आली होती. काड्या होत्या तशाच लाल राहिल्या, आणि सावकाश, कंटाळा येईल इतक्या सावकाश, पाणी पिवळे होत गेले. भेसळीची करडईची पाकळी असती तर पाण्याने क्षणात रंग धरला असता. दुकानात दुसरे कोणी नसले की आबा रस्त्यावरच्या माणसाला हाक मारून वाटी दाखवत. "भैया, ज़रा देखो तो." झाशीतल्या लक्ष्मी गेटच्या लोकांना सवय झाली होती. कोणी हसे, कोणी सायकलवरूनच मान डोलवे. हा नियम कुठून आला, हे मात्र खुद्द आबांनाही ठाऊक नव्हते. वडील करत, आजोबा करत, म्हणून तेही करत.

"अस्सल आहे," ती म्हणाली. "जाऊ?"

"जा. आणि कोर्टातल्या शब्दाबरोबर तो दुसरा शब्दही बघून ये. कोशात काय भारदस्त लिहिलं असेल ते उतरवून आण. चौकटीत लावू."

दुसरा शब्द दुकानाच्या पाटीवर होता. आबांच्या वडिलांनी रंगवून घेतलेली जुनी पाटी होती, ‘मार्तंडपंत वैद्य औषधालय’. तिच्याखाली पंधरा वर्षांपूर्वी आबांनी स्वतः लाल रंगात भर घातली होती: ‘सन १८५९ चा साहेबाचा दाखला – सोफिस्टिकेटेड औषधे’. आबांना इंग्रजी यथातथाच येत होते. पण एकदा रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याने त्यांना सांगितले होते की हा फार वरच्या दर्जाचा शब्द आहे, अमेरिकेतल्या यंत्रांना लावतात. तेव्हापासून तो शब्द बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरही छापून येऊ लागला. सुहासिनी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवी. तिला त्या पाटीची जराशी लाजच वाटे, पण बापाच्या हौसेपुढे ती कधी बोलली नव्हती.

साहेबाचा तो दाखला म्हणजे एक कागद. बंड मोडल्यावर दुसऱ्या वर्षी झाशीत कोण कुठे कशाच्या आधाराने राहतो, याची पाहणी झाली. लोकांच्या सनदा जळून गेल्या होत्या, त्यामुळे साहेब घरोघर फिरून विचारी आणि लिहून घेई. मार्तंडपंत हे आबांचे पणजोबा. त्यांच्याबद्दल दोनच ओळी होत्या. ‘मार्तंड, फिजिशियन, प्रिटेंड्स टू दीज टू रूम्स सिन्स हिज फादर्स टाइम. हिज सॅफ्रन पिल्स एक्झामिन्ड, अँड फाउंड सोफिस्टिकेटेड.’ या दोन ओळींवर आता दोन खोल्यांचे भवितव्य टांगले होते. शेजारच्या धर्मशाळेच्या ट्रस्टने दावा लावला होता की औषधालयाच्या दोन्ही खोल्या मुळात धर्मशाळेच्या. ट्रस्टच्या वकिलांनी, सक्सेनाजींनी, मागच्या तारखेला तोच कागद मुन्सिफांपुढे नाचवला होता.

"हुज़ूर, अंग्रेज़ ने खुद लिखा है, प्रिटेंड्स. यानी ढोंग करता है. इससे बड़ा सबूत क्या होगा?"

कोर्टात हशा पिकला होता. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सुहासिनीने मात्र त्याच संध्याकाळी आपल्या वकिलांना, भीमरावकाकांना, ठणकावून सांगितले, "शंभर वर्षांपूर्वीचा शब्द आजच्या अर्थानं वाचायचा नसतो. मी साक्ष देते. कोश घेऊन येते."

इलाइट चौराह्यापासून लायब्ररी चालत दहा मिनिटांवर. ग्रंथपालाने धूळ झटकून जुन्या कोशाचा दुसरा खंड पुढे ठेवला, एल ते झेड. ‘प्रिटेंड’ सापडायला वेळ लागला नाही. तिला हवे होते ते जसेच्या तसे तिथे होते. मूळ अर्थ पुढे करणे, पुढे मांडणे, हक्क सांगणे. गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्राला म्हणूनच ‘प्रिटेंडर’ म्हणत. एकाने हक्क सांगितला, तो खोटा निघाला. दुसऱ्याने सांगितला, तोही खोटा निघाला. आणि हळूहळू शब्दालाच खोटेपणाची सवय लागली. सुहासिनीला इतका आनंद झाला की तिने ग्रंथपालाला चहा पाजायचे कबूल केले. मग आबांसाठी तिने ‘एस’ची पाने उलटली.

‘सोफिस्टिकेट. दर्जेदार वस्तूत हलकी वस्तू मिसळणे. खराब करणे. विशेषतः मद्य व औषधे यांबाबत.’

तिने पुन्हा वाचले. मग पान उलटून पाहिले, पुढे काही चांगला अर्थ असेल म्हणून. नव्हता. तो नंतर आला होता, या कोशाच्या वेळी जन्मलाही नव्हता. एक शब्द खालच्या पायरीवर गेला होता, दुसरा भेसळ झटकून वर चढला होता, आणि साहेबाने ते दोन्ही एकाच कागदावर लिहून ठेवले होते. ‘गोळ्या तपासल्या, भेसळीच्या आढळल्या.’

भीमरावकाकांनी तिचे ऐकून घेतले आणि चष्मा काढून पुसला.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. पी उघड, वाच, मिटव. एस उघडायचंच नाही. सक्सेना त्याबद्दल विचारणार नाही, त्यालाही तो शब्द स्तुतीचाच वाटतो. मार्तंडपंत भेसळवाले ठरले ना, की त्यांनी सांगितलेला हक्कही भेसळीचा ठरेल. खोल्या गेल्याच म्हणून समज."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाही म्हणतोय ना!"

"मी मुलींना शिकवते, काका. कोश उघडला की अख्खा उघडायचा असतो. विचारलं तर मी खरंच सांगणार."

"बापासारखीच हट्टी आहेस," भीमरावकाका वैतागून म्हणाले.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिने आबांना सांगितले. ते खल धूत होते. आधी त्यांना समजलेच नाही, मग समजले आणि ते संतापले.

"काय बोलतेस तू? मार्तंडपंतांनी भेसळ केली? ज्यांना इंग्रजांनी धरून नेलं त्यांनी? पंधरा ऑगस्टला अख्खा मोहल्ला ज्यांच्या तसबिरीला हार घालतो त्यांनी?"

"धरून नेलं हे कशावरून, आबा?"

"कशावरून म्हणजे? चोपडीत आहे!"

त्यांनी तरातरा जाऊन कपाटातून चोपडी काढली. मार्तंडपंतांच्या हातची, औषधांच्या पाठांची, मोडीत लिहिलेली. घरात मोडी वाचता येणारे आबा शेवटचे. ते पान त्यांना शोधावे लागत नसे, चोपडी आपोआप तिथेच उघडे. या एका ओळीवर घराण्याची सगळी कीर्ती उभी होती. मार्तंडपंतांनी बंडातल्या जखमींना औषध दिले, म्हणून इंग्रजांनी त्यांना पकडले, अशी कथा होती. सुहासिनीने ती पाळण्यात असल्यापासून ऐकली होती.

"ऐक. शके सतराशे एक्याऐंशी, म्हणजे सन अठराशे एकोणसाठ. साहेबाने धरले. सोडले." आबा दम घ्यायला थांबले. इथे ते नेहमीच थांबत, ऐकणाऱ्याने हात जोडावेत म्हणून.

"पुढे?"

"पुढे काय? पुढे औषधाचं आहे."

"तेही वाचा ना. न थांबता वाचा."

आबांनी चष्मा नीट केला. "साहेबाने धरले. सोडले. यापुढे केशर पाण्यात घालून दुसऱ्यास दाखविल्याविना खलात टाकू नये."

मग त्यांनी बोट ओळीखाली धरून पुन्हा वाचले, या वेळी मनातल्या मनात, फक्त ओठ हलले. दोन वाक्यांच्या मध्ये ना रेघ होती, ना मोकळी जागा. सगळे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. एवढी वर्षे थांबत होते ते आबा, लिहिणारा थांबलाच नव्हता.

"केशर मिळालं नसेल हो," सुहासिनी हलकेच म्हणाली. "बंडानंतर काश्मीरकडून माल कसा येणार?"

"कारण नकोय." आबांचे बोट अजून त्या ओळीवरच होते. "त्यांनी दिलंय का कारण? नाही ना दिलं?"

त्यांनी चोपडी मिटली, खल उपडा घातला आणि दिवा मालवून तिच्याआधीच घराकडे चालू लागले. तिला वाटले, आपण बापाचे सगळेच काढून घेतले. तिला रडू आले आणि स्वतःचा रागही आला. पण जे वाचले ते न वाचल्यासारखे करणे तिला जमणारे नव्हते.

तारखेच्या दिवशी आबा कोर्टात येणार नाहीत असे तिला वाटत होते. ते आले. धुतलेला कोट, डोक्याला पगडी, बगलेत काहीतरी फडक्यात गुंडाळलेले. मागच्या बाकावर जाऊन बसले.

साक्ष चांगली झाली. सुहासिनीने कोश उघडला, वाचला, राजपुत्राचे उदाहरण दिले. मुन्सिफ तरुण होते, त्यांना गंमत वाटलेली दिसली. त्यांनी कोश स्वतःकडे मागून घेतला, तारीख पाहिली, पान पाहिले आणि तो तिला परत दिला. सक्सेनाजींनी दोन प्रश्न विचारले, तेही शब्द सोडून तिच्या पगाराविषयी. ‘एस’च्या पानात तिने शाळेच्या हजेरीची एक चिठ्ठी खुणेला घातली होती. तिचे टोक कोशाबाहेर दिसत होते. भीमरावकाका त्या टोकाकडे पाहत होते. कोणीच विचारले नाही.

मुन्सिफ पेशकाराला सांगू लागले. "लिखिए. प्रिटेंड्स, यानी उस ज़माने में, दावा करता है. मार्तंड वैद्य इन दो कमरों पर अपने पिता के समय से हक़ का दावा करते थे, और सन उनसठ में वहीं बैठे थे." भीमरावकाका आपले कागद गोळा करू लागले. मुन्सिफ कागदावरची पुढची ओळ वाचत होते. "और उनकी दवाइयाँ जाँची गईं, और सोफिस्टिकेटेड, मतलब... उम्दा. उम्दा पाई गईं. लिखिए."

पेशकाराने टाक दौतीत बुडवला.

सुहासिनीने कठड्यावर हात ठेवला. कोणी विचारलेले नव्हते. विचारले तर सांगीन, असे ती म्हणाली होती. न विचारताच सांगायचे की नाही, हे तिने ठरवले नव्हते. ते तिने आत्ता ठरवले. खुणेची चिठ्ठी पाहून पान उघडायला तिने हात पुढे केला, आणि तेवढ्यात मागच्या बाकाचा करकर आवाज झाला.

"हुज़ूर, एक मिनट."

आबासाहेब उभे राहिले होते. भीमरावकाकांनी त्यांच्या कोटाची बाही पकडली. आबांनी ती सोडवून घेतली आणि फडके उलगडत पुढे आले. चोपडी त्यांनी मुन्सिफांच्या टेबलावर ठेवली, त्याच पानावर उघडून.

"आप कौन?"

"दत्तात्रेय वैद्य. मार्तंड वैद्य हमारे परदादा थे. ये उनके हाथ का लिखा है. आप पढ़ नहीं पाएँगे, मैं पढ़ देता हूँ."

"लेकिन वैद्यजी, आपके हक़ में ही तो लिखवा रहे हैं!"

"जी. वही ग़लत है." आबांनी सुहासिनीकडे एकदा पाहिले. तिचे बोट ‘एस’च्या पानावर होते. मग ते पेशकाराकडे वळले आणि दुकानात वाटी पुढे करावी तसा त्यांनी हात पुढे केला. "उम्दा काटिए, भैया. मिलावटी लिखिए."