सलाईन काढल्यावर

दर्शना सिस्टर मूळची दाभोळची, बापाच्या होडीत बसून वाढलेली. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डची ती इन्चार्ज होती, आणि वॉर्डातून रोज निघणारा कचरा तिला खुपायचा. ज्याला धड खातापिता येतंय त्यालाही नातेवाइकांच्या समाधानासाठी सलाईन लागायचं. मग बाटली आली, नळी आली, सुया, सिरिंज, हातमोजे आले. उरलंसुरलं औषध बेसिनमध्ये जायचं आणि गटारातून शेवटी समुद्राला मिळायचं.

तिने डॉक्टर हितेशना हे समजावलं. त्यांनाही पटलं. ताप उतरून पेशंट जेवायला लागला की शिरेतलं औषध बंद करून गोळ्या सुरू करायच्या, ड्रेसिंगचं सामान लागेल तेवढंच फोडायचं, असं ठरलं. रुचिरासारख्या नव्या सिस्टरही हुरूपाने कामाला लागल्या. वॉर्डातून खाली जाणाऱ्या पिशव्या खरोखरच हलक्या झाल्या.

त्याच सुमारास गुणाजीकाका न्यूमोनियाने ॲडमिट झाले. दर्शनाच्या माहेरचे शेजारी. त्यांची मुलगी गुणवंती रत्नागिरीत दिलेली, म्हणून त्यांना इथे आणलेलं. ती दर्शनाची बालमैत्रीण. औषध लागू पडलं, ताप गेला, काका पेज मागून घेऊ लागले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दर्शना सलाईन काढायला गेली, तेव्हा गुणवंती कुरकुरली. बाबांच्या अंगात अजून ताकद नाही, राहू दे की. दर्शनाने सांगितलं, तेच औषध आता गोळीतून जाईल, हाताची सूजही उतरेल. आणि बोलण्याच्या भरात हेही सांगून गेली की विनाकारण किती कचरा होतो.

काका हसले. "काढ गो," ते म्हणाले. "जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त गावतं आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते कलंडले. डॉक्टर हितेश धावत आले, सगळे प्रयत्न झाले, पण काका गेले. हृदयविकाराचा झटका होता. सलाईन चालू असतं तरी तो यायचा टळला नसता. डॉक्टरांनी गुणवंतीला हे परत परत सांगितलं.

गुणवंतीने आरडाओरडा केला नाही. ती फक्त दर्शनाकडे बघत राहिली.

"कचरा होतो म्हणालीस ना," ती म्हणाली. "तू आपल्यातली म्हणून ऐकलं मी."



आठवडाभरात गावोगाव बोभाटा झाला की त्या हॉस्पिटलात औषध वाचवतात. ट्रस्टींनी दोघांना बोलावून घेतलं. उपचारात चूक नव्हती, एवढं डॉक्टर हितेश म्हणाले. पण पेशंटच्या माणसांपुढे कचऱ्याची गोष्ट कुणी काढली, असं विचारल्यावर ते खाली बघू लागले. मीच काढली, दर्शनाने सांगितलं. ठरवलेलं सगळं त्याच दिवशी बंद झालं.

तेराव्याला ती दाभोळला गेली. गुणवंतीने पाणी दिलं, बस म्हणाली, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. परक्या बाईशी बोलावं तसं बोलली. दर्शना जेवून निघाली तेव्हा तिला पोचवायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

पुढे एक तरुण पेशंट आला, ताप उतरलेला, समोर डबा उघडून जेवत बसलेला. रुचिराने हळूच विचारलं, "सिस्टर, याच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारू का?"

पेशंटची आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

"नको. सलाईन लाव," दर्शना म्हणाली.

रुचिराने मुकाट्याने नवी बाटली फोडली. त्यानंतर तिने तसं कधी विचारलं नाही. दर्शना मात्र पुढे कितीतरी दिवस, कुणी जेवायला लागलं की, पुन्हा विचारते का म्हणून रुचिराच्या तोंडाकडे बघायची.