आभाळमामांचा तिसरा हात

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या, मग माझी गोष्ट ऐका. मी एक जुना लघवीचा पॉट आहे. हसलात? छान. माझे नाव निघाले की मोठी माणसेसुद्धा एकतर हसतात, नाहीतर नाक मुरडतात. मला त्याचा राग येत नाही. मी जे पाहिले ते आठवून मी अजूनही थक्क होतो, रागवायला सवड कुठली?

दिसायला मी साधाच. दुधी रंगाचे प्लॅस्टिक, बसका तळ, रुंद तोंड आणि तोंडाची पुढची कड पळीसारखी वर उचललेली. फुलझाडांना पाणी घालायची झारी ही माझी थोरली बहीण आणि तेलाची बुधली मधली, कारण आम्हा सगळ्यांना आकार देणारी बाई एकच. ती प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्यांची चित्रे काढत असे. घरात तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो.

मी जन्मलो तिच्या सासऱ्यांसाठी. एके काळी ते बंदरावर क्रेन चालवत. जमिनीपासून खूप उंच, काचेच्या खोलीत बसून ते एक दांडा हलवत आणि खाली घराएवढी पेटी अलगद उचलली जाई. बंदरातले लोक त्यांना आभाळमामा म्हणत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. बसून बसून वजन वाढले आणि आभाळमामा खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन पडले. उठायचे म्हणजे मुलाचा आधार लागे, आणि मुलगा दिवसभर कामावर.

बाजारातून आणलेला एक पॉट घरात होता. त्याचे तोंड अरुंद, आणि आभाळमामांना स्वतःच्या पोटापलीकडचे काही दिसत नसे. एका सुट्टीच्या दुपारी त्यांचा अंदाज चुकला. कपडे भिजले, खुर्ची भिजली, जमिनीवर ओघळ गेला. घरात सूनबाई एकटीच होती. तिने मुकाट्याने सगळे पुसून घेतले. ते भिंतीकडे पाहत राहिले आणि ती जमिनीकडे. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

सूनबाई रोज कामावर जाताना त्यांच्याजवळ पाण्याचा जग भरून ठेवी. संध्याकाळी जग रिकामा असे. तरीही आभाळमामांचे ओठ सुकत चालले, डोके गरगरू लागले. डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, पाणी पीत जा. असंच चाललं तर मूत्रपिंडं संपावर जातील."

"पितो की," आभाळमामा म्हणाले.

त्यांचे खोटे पकडले ते खिडकीतल्या कुंडीने. रोपाची पाने पिवळी पडून गळू लागली होती. सूनबाईने मातीत बोट घातले तर नुसता चिखल. मुळे कशाने कुजतात हे झारी घडवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. तिने रिकाम्या जगाकडे पाहिले आणि तिला उमगले: पुन्हा पॉट धरायची वेळ येऊ नये म्हणून बाबा पाणी कुंडीत ओतत होते. ज्या हातांनी जहाजेच्या जहाजे रिकामी केली, त्या हातांना पाण्याचा एक पेला ओठांपर्यंत नेववत नव्हता. मित्रांनो, लाज एवढी जड असते, हे मला अजून खरे वाटत नाही.

तिने कारखान्यात माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे पहिल्या नमुन्याचा, घाट घातला. भाऊ मोठा देखणा होता. कानासारखी वळणदार मूठ, वर घट्ट झाकण. पण सासऱ्यांच्या हातात असली वस्तू द्यायची कशी? तिने तो टॉवेलात गुंडाळून त्यांच्या शेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम भांडी आपटत बसली, म्हणजे आपण ऐकत नाही हे त्यांना कळावे. बाहेर येऊन पाहते तर टॉवेलाची घडी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. रोप मात्र आणखी वाकले होते.

शेवटी ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, मला बोलायला अवघड वाटतंय आणि तुम्हाला ऐकायला. पण मी साच्याची माणूस. माल कुठे अडतोय ते कळल्याशिवाय साचा कसा सुधारू?"

आभाळमामांनी टॉवेल उलगडून माझ्या भावाला हातात घेतले.

"वर क्रेनमध्ये आमच्या प्रत्येकाकडे बाटली असायची," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी खाली कोण उतरणार? जहाज खोळंबायचं. तेव्हा कसली लाज नव्हती बघ."

"मग आता काय झालं?"

"आता हे पोट मधे आलंय ना! एका हाताने ते उचलायचं, दुसऱ्या हाताने तुझ्या या भांड्याचा कान धरायचा. मग नेम कुठल्या हाताने धरू? तिसरा हात कुठून आणू?"

सूनबाईला हसू आवरेना. ते पाहून आभाळमामांनाही हसू फुटले आणि त्यांचे पोट गदगदा हलू लागले. मग त्यांचा क्रेनवरचा जुना आवाज परत आला.

"आणि ऐक. माल असा हवेत लटकवत ठेवायचा नसतो. आधी टेकवायचा."

ती लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसली. मांड्यांमध्ये, खुर्चीच्या कडेवर आपला आपण ठाम बसेल असा तळ तिने काढला. पोटाला टेकू मिळावा म्हणून पुढची कड वर उचलली. आत गेलेले उलटून येऊ नये म्हणून गळ्यात पडदा घातला. पोटाला उशी बांधून, किटलीने पाणी ओतत ती स्वतः खुर्चीत बसून पाहू लागली. नवरा कामावरून आला तो हे दृश्य पाहून दारातच हसत सुटला. मग तीच उशी त्याच्या पोटाला बांधली गेली. माझा एक भाऊ कलंडला, एकाची कड मांडीला रुतली. त्यांच्या पाठोपाठ मी आलो.

त्या दिवशी दार लोटलेले होते. आभाळमामांनी मला टेकवले. त्यांचे पोट माझ्या कडेवर विसावले आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले. त्यांनी ते समोर धरून निरखले, कुणी नुकतेच परत आणून दिल्यासारखे. मग मला ऊब कळली. कितीतरी वेळ अडवून धरलेली ती ऊब माझ्यात उतरली आणि एक थेंब बाहेर गेला नाही. झाकण लावून त्यांनी असा सुस्कारा सोडला, की तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

"सूनबाई, पाणी आण गं!"

ती फडके आणि बादली घेऊन धावत आली.

"सांडलं का, बाबा?"

"छे गं. प्यायला आण."

त्यांनी पेला घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. सूनबाई पाणी ओतत होती, पण तिचे डोळे इतके भरले होते की अर्धे पाणी खालीच गेले.

"आता कोण सांडतंय?" आभाळमामा म्हणाले.

पुढे तिने मला एक पिशवी शिवली आणि मी त्यांच्याबरोबर चाकाच्या खुर्चीवरून हिंडलो. बंदरावर गेलो तेव्हा आभाळमामा मान वर करून आपल्या क्रेनकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. माझ्यासारखे आणखी पॉट तयार होऊन घरोघरी गेले. एक शिंपी कारखान्यात येऊन सूनबाईला म्हणाला, "माझ्या भावाने बऱ्याच वर्षांनी थेटरात बसून अख्खा सिनेमा पाहिला, ताई."

आता आभाळमामा नाहीत. मी पिवळट झालो आहे आणि मोरीतल्या फळीवर धूळ खात पडलो आहे. पाहुणे विचारतात, हे अजून का ठेवलंय? सूनबाई विषय बदलते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी पाण्याला नको म्हणत असेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि खरे कारण विचारा. आणि माझ्यासारखा कुणी त्यांच्या कामी येत असेल, तर त्याला स्वच्छ धुवून हाताशी ठेवा.

खिडकीतले रोप वाचले, आता ते छताला टेकले आहे. पाणी पुन्हा कुंडीत जात नाही ना, म्हणून सूनबाई रोज सकाळी त्याच्या मातीत बोट घालून पाही. आभाळमामा गेले त्या सकाळीही तिने सवयीने बोट घातले. माती कोरडी होती, आणि शेजारचा पेला रिकामा.