घोट्याची पकड

कॉलेजचे कबड्डीचे सर घरी येणार म्हटल्यावर आईने आमच्या नाहूरच्या घरात थेट मुलगी दाखवायचा कार्यक्रमच मांडला. मला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायला लावला, हातात घावण्यांची बशी दिली. "मान खाली ठेव गो, अक्षता." मला ओरडावंसं वाटत होतं. अकरावीला खेळाडू कोट्यातली एकच जागा उरली होती. ती गेली तर मला मिळणाऱ्या दुसऱ्या कॉलेजात संघच नव्हता. माझी कबड्डी दहावीतच संपली असती.

धम्मपाल सर मांडीवर हेल्मेट घेऊन बसले. त्याच जागेसाठी ते घाटकोपरची एक मुलगी बघून आले होते. "हिचा खेळ पाहिलाय मी. पण कॉर्नरला, चढाईवालीचा घोटा धरून ठेवायला, चिवट पोरगी लागते. घरी कशी आहे?"

"गरीब गाय! कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय," आई म्हणाली.

"खेळताना लागत असेल ना?"

"छे! अंगावर एक ओरखडा नाय."

"भांडते वगैरे?"

"हिला आवाजच नाय हो."

मी डोळे वटारले. आईला वाटलं, मी लाजले. सरांनी घावण्यांना हात न लावता हेल्मेट उचललं. वाट लागली! त्या क्षणी मला आईचा भयंकर राग आला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाशकाका, लंगडत.

"नलिनीताई, पोरीला आवरा! काल पोरांचा बॉल जप्त करून जिना चढत होतो, तर हिने मागून घोटा धरला माझा!"

आई पांढरीफटक पडली. सर मात्र पुढे सरकले. "तुम्ही पाय झटकला नाही?"

"झटकला की! कठडा धरून खेचला. बॉल टाकला तेव्हा कुठे सोडलं!"

मी गुपचूप बाह्या वर सारल्या. सरांनी सोललेली कोपरं पाहिली, तरी जरा घुटमळले. "एखाद्या वेळी जमतं असं कोणालाही."

आईने एकदा सरांकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग काकांना दंडाला धरून आत आणलं.

"बसा भावोजी, घावणे घ्या. आणि गणपतीत हिने काय केलं होतं, ते पण सांगा सरांना. अगदी पहिल्यापासून."

काका रंगात येऊन सांगत गेले, मध्ये राहिलेलं आई आठवण करून देत होती. माझ्या कागाळ्या ती इतक्या अभिमानाने सांगताना बघून मला रडूच आलं.

"मग हिला शिक्षा काय?" काकांनी शेवटी विचारलं.

"सोमवारपासून रोज पहाटे मैदानावर," सर म्हणाले आणि त्यांनी बशी पुढे ओढली. "दोन वर्षं."

काका समाधानाने खाली गेले.